वाढ मिरचीची, ठसका मजुराला!

भोकरदन तालुक्यातील हसनाबाद, पिंपळगाव रेणुकाई हा सारा पट्टा आज हिरव्या मिरचीसाठी ओळखला जातो. उन्हाळ्यातच लागवड करायची, ठिबक आणि मल्चिंग पेपरवर रोप जगवायचे, पावसाळ्याच्या तोंडावर तोडणी धरायची, हे इथले गणित. कपाशीवर विसंबून फसलेल्या मराठवाड्यात याला प्रगती म्हणायला हरकत नाही. पण ही प्रगती स्थिर आहे काय? आणि तिचा तोटा कोण सोसतो?

क्षेत्र वाढले, उत्पादन वाढले की अहवाल वाढीचा दर सांगून मोकळे होतात. चढउतार त्यात दिसत नाही. समजा, एका वर्षी किलोला 60 रुपये मिळाले आणि दुसऱ्या वर्षी 10. सरासरी 35 झाली. पण 10 रुपयांच्या वर्षी डोक्यावर बसलेले कर्ज या सरासरीने फिटत नाही. भाव मिळाला की पुढल्या वर्षी सगळेच मिरची लावतात, आवक वाढते, भाव कोसळतो. मग लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. त्यात फुलकिडे, चुरडा-मुरडा आणि मे महिन्यात तळ गाठणारी विहीर. हिरवी मिरची घरात साठवूनही ठेवता येत नाही. म्हणजे व्यापारी म्हणेल तोच भाव!

या उतरंडीत सर्वांत खाली आहे ती किलोवर मिरची तोडणारी भूमिहीन बाई. भाव पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही, म्हणून शेतकरी उभे पीक सोडून देतो. त्याच्या नुकसानीची निदान बातमी तरी होते. हिचा बुडालेला रोज कोणत्या पंचनाम्यात येतो? या बायांमध्ये आपल्या वस्तीतल्या आया-बहिणी किती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी 1918 सालीच लहान धारणक्षेत्रावरील निबंधात दाखवून दिले होते, की केवळ जमिनीच्या तुकड्यांना दोष देऊन भागत नाही. शेतीत भांडवल नाही आणि जादा हातांना शेतीबाहेर काम नाही, हे खरे दुखणे आहे. 1947 च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करून, जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसायला द्यावी आणि भांडवल राज्याने पुरवावे, असे मांडले. आपण मात्र सारी जोखीम एकट्या कुटुंबाच्या गळ्यात बांधली.

केंद्राची किमान आधारभूत किंमत 22 पिकांना आहे. त्यांत मिरची नाही. तरीही 2025 मध्ये आंध्रातील लाल मिरचीसाठी बाजार हस्तक्षेप योजनेखाली क्विंटलला 11,781 रुपये दर ठरला. मग महाराष्ट्रातील मिरचीवाल्याने काय पाप केले?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. भाव कोसळेल त्या वर्षी सरकारने बाजारात उतरावे. पिकलेली मिरची वाळवण्या-दळण्याचे उद्योग मजूर स्त्रियांच्या गटांकडे द्यावेत. पीक सोडावे लागले तर भरपाईत मजुरांचाही वाटा धरावा. आणि 2004 पासूनच्या दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेतील चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन कागदावरून खऱ्या भूमिहीनाच्या हाती यावी.

मिरची तोडून हाताची आग आग होते. ती आग आता मोर्चात दिसली पाहिजे!