अर्धशिशी आणि निषिद्ध अळंबी

अर्धशिशीचा झटका आला की खोलीत अंधार करून पडून राहणाऱ्या रुग्णाला वेदना थांबण्याशी मतलब असतो; औषध कोणत्या कायद्याच्या यादीत आहे, याची उठाठेव त्याने करावी ही अपेक्षाच गैर. संशोधकांना मात्र ती टळत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, काही जातींच्या अळंबीत आढळणाऱ्या सिलोसायबिन या भ्रमजनक द्रव्याची एकच अल्प मात्रा अर्धशिशीच्या रुग्णांना देण्यात आली. पुढील दोन आठवड्यांत त्यांचे डोकेदुखीचे दिवस आठवड्याला सरासरी १.६५ने घटले, औषधविरहित मात्रेनंतर ही घट अवघी ०.१५ होती. भ्रमाची तीव्रता आणि मिळालेला आराम यांचा मेळ मात्र आढळला नाही. म्हणजे नशेवाचूनही गुण येण्याची शक्यता आहे, आणि कायद्याचा आक्षेप तर नेमका नशेलाच आहे.

अर्थात रुग्ण होते केवळ दहा. एवढ्यावर उपचार ठरत नाहीत. याच गटाने क्लस्टर या अतितीव्र डोकेदुखीवर घेतलेल्या, २०२२ मधील छोट्या चाचणीचे निष्कर्षही संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरले नव्हते.

मोठ्या चाचण्या सोप्या नाहीत, कारण १९७१च्या आंतरराष्ट्रीय कराराने हे द्रव्य सर्वाधिक कडक निर्बंधांच्या यादीत टाकले. भारतातही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते निषिद्ध आहे. वास्तविक भ्रमजनक द्रव्यांचे डोकेदुखीच्या औषधांशी नाते जुने. अर्धशिशीवर दीर्घकाळ वापरले गेलेले अर्गोटामाइन धान्यावरील अरगट बुरशीतून आले. त्याच बुरशीतील द्रव्यांवर काम करताना सँडोझ कंपनीचे आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये एलएसडी बनवले; सिलोसायबिनही १९५८ मध्ये त्यांनीच वेगळे केले.

प्रयोगशाळेचे दार बंद झाले म्हणून प्रयोग थांबले नाहीत. ते रुग्णांच्या घरात शिरले. ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकातील २००६च्या एका पाहणीत, क्लस्टरच्या झटक्यावर सिलोसायबिन घेऊन पाहिलेल्या २६ जणांपैकी २२ जणांनी झटका थांबल्याचे सांगितले. ही साक्ष रुग्णांचीच, पुरावा नव्हे. शिवाय मात्रेचा अंदाज नाही, हृदयविकार वा मनोविकाराची तपासणी नाही, आणि चुकल्यास डॉक्टरला सांगण्याचीही सोय नाही. निसर्गात सापडणाऱ्या आणि क्वचितच घ्याव्या लागणाऱ्या औषधासाठी शेकडो रुग्णांच्या चाचणीचा खर्च कोणती कंपनी उचलणार, हे कोडे वेगळेच.