फुल मार्क्स द्या ना, बॉस!

15 नोव्हेंबर 2023. वर्ल्ड कपची सेमी फायनल, समोर न्यूझीलंड. वानखेडेवर विराट कोहलीनं वन-डेतलं पन्नासावं शतक ठोकलं आणि स्टँडमध्ये बसलेल्या सचिनच्या दिशेनं वाकून नमस्कार केला. आमच्याकडे धाकट्या भावानं सोफ्यावरून उडीच मारली. आणि मी? मी म्हणाले, "हो, पण..."

या 'हो, पण'मागे माझी अख्खी फाइल तयार होती, बरं का! सचिनच्या काळात बॉल जुना व्हायचा, रिव्हर्स स्विंग व्हायचा. ऑक्टोबर 2011 पासून दोन एंडकडून दोन नवे बॉल आले. 2012 पासून पॉवरप्ले नसतानाही सर्कलबाहेर चारच फील्डर. 2015 मध्ये ही अट शेवटच्या दहा ओव्हर्सपुरती सैल झाली. म्हणजे बॅट्समनची मज्जाच ना?

भाऊ म्हणाला, "ताई, सचिनची 452 इनिंग्जमध्ये 49. विराटची 279 मध्ये 50."

"अरे, सचिन आधी मधल्या फळीत यायचा! पहिलं शतकच 79व्या मॅचला झालं, 1994 मध्ये!"

बाबा खो खो हसायला लागले. "अगं, तू डिट्टो माझ्यासारखी बोलतेयस!"

खरंच की! डिसेंबर 2005 मध्ये दिल्लीत सचिननं 35वं टेस्ट शतक केलं, गावसकरला मागे टाकलं. तेव्हा घरात बाबांचं सुरू होतं, "हेल्मेटशिवाय वेस्ट इंडिजचे फास्ट बोलर खेळून दाखव म्हणावं!" त्याआधी डिसेंबर 1983 मध्ये मद्रासला गावसकरनं नाबाद 236 करून ब्रॅडमनचा 29 शतकांचा रेकॉर्ड मोडला. तेव्हा आजोबांनी बाबांना ऐकवलं होतं, "ब्रॅडमननं 52 टेस्टमध्ये केली. तुमच्या सनीला जवळपास दुप्पट लागल्या."

तीन पिढ्या, डायलॉग एकच!

आता शांतपणे विचार करा. नियम बदलले, हे खरंच. पण ते एकट्या विराटसाठी बदलले नव्हते. तेच दोन बॉल, तेच फील्डर जगभरच्या सगळ्या बॅट्समनना मिळाले. पन्नासपर्यंत दुसरं कोण पोचलं? कुणीच नाही. त्यातही विराटची निम्म्याहून जास्त शतकं पाठलाग करताना आलीत, डोक्यावर टार्गेट घेऊन. खेळाडूला त्याच्याच काळातल्या इतरांशेजारी उभं करा, मग उंची कळते.

आणि रेकॉर्ड एवढंच सांगतो, की सर्वात जास्त शतकं कोणाची. सर्वात ग्रेट कोण, हा प्रश्नच वेगळा. गावसकर पुढे गेला म्हणून ब्रॅडमनची 99.94 ची सरासरी एका पॉइंटनं तरी घसरली का? मग नव्या माणसाला फुल मार्क्स देताना आपला हात का आखडतो?

कारण सोपं आहे. सचिनचा रेकॉर्ड मोडला, तेव्हा मला वाटलं माझं लहानपणच कोणीतरी मागे टाकलं. आजोबांना, बाबांनाही तेच वाटलं असणार. ते दुखणं आपलं असतं. त्याचं बिल खेळाडूच्या नावावर कशाला फाडायचं?

उद्या कोणीतरी विराटलाही मागे टाकेल आणि माझा भाऊ म्हणेल, "हो, पण..." तेव्हा मी त्याला एकच गोष्ट सांगणार आहे. वानखेडेवरचा तो नमस्कार मी लाइव्ह बघितलाच नाही. वाद घालत होते ना! नंतर रिप्लेमध्ये बघितला.