पिशव्यांचे गाव

बाजार हा निसर्गनियमाने चालतो, गावे उठली-बसली तरी त्यास इलाज नाही, असे सांगणाऱ्या पंडितांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉर्थ रँडलकडे एकवार पाहावे. क्लीव्हलंड शहराला लागून असलेल्या, जेमतेम दीड हजार वस्तीच्या या खेड्यात एडवर्ड डीबार्टोलो या धनाढ्य बिल्डरने घोड्यांच्या शर्यतीच्या जुन्या मैदानावर १९७६ साली ‘रँडल पार्क मॉल’ उभारला. क्षेत्रफळ वीस लाख चौरस फुटांहून अधिक! जगातील सर्वांत मोठ्या मॉलपैकी एक म्हणून त्याचा डंका पिटला गेला आणि भोळ्या गावाने आपल्या ग्रामचिन्हावर खरेदीच्या पिशव्या मिरवल्या.

वस्तुतः हे वैभव गावाचे नव्हतेच. भांडवल बाहेरचे, गिऱ्हाईकही बाहेरचे. जवळच बीचवुडमध्ये १९७८ साली दुसरा मॉल उघडला. पुढे एकेक भांडार बंद पडत गेले आणि २००९ मध्ये टाळे लागले. इमारतही पाडली गेली.

त्याच भूमीवर २०१८ साली ॲमेझॉनचे गोदाम आले. पूर्वीच्या विक्रेतीला निदान गिऱ्हाइकाचा चेहरा दिसे. इथल्या कामगाराच्या हालचाली यंत्र मोजते. नवा रोजगार दिल्याबद्दल राज्याने कंपनीला करसवलत मंजूर केली. ओहायोतील गावांची तिजोरी मात्र मुख्यतः कामगारांच्या वेतनावरील करावर भरते. मालकाला सूट, मजुराच्या पगाराला कात्री! यात निसर्गनियम कोणता? ही सवलत सरकारी प्राधिकरणाने रीतसर मंजूर केलेली आहे.