पंखा डायरेक्ट करू नका

दिल्लीच्या उन्हाळ्यात गाडी तापली की बऱ्याच गॅरेजांत एकच औषध मिळतं. "साहब, पंखा डायरेक्ट कर देते हैं." म्हणजे सेन्सर आणि रिले बाजूला ठेवून रेडिएटरच्या पंख्याची वायर सरळ इग्निशनला जोडायची. चावी फिरली की पंखा सुरू. अर्ध्या तासाचं काम, चारपाचशे रुपये. या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे.

आमच्या युनिटमधला साताऱ्याचा एक नाईक गुडगावात भाड्याने राहतो. बायकोला सातवा महिना, म्हणून जुनी पेट्रोल गाडी घेतली. मोकळ्या हायवेवर काटा मधोमध, पण महिपालपूरच्या जॅममध्ये शिरलं की थेट लाल. खरं तर निदान इथेच होतं. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. तरी एका गॅरेजने हेड गॅस्केट सांगून अठरा हजार मागितले. दुसऱ्याने डायरेक्ट करून दिलं. गडी खूश.

पंधरा दिवसांनी त्याच जॅममध्ये बॉनेटमधून धूर. बायकोला हाताला धरून तो डिव्हायडरवर उभा, आणि मला फोन, "साहेब, झाकण उघडून पाणी ओतू का?" मी जवळजवळ ओरडलोच. तापलेल्या रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल झालं की उकळतं पाणी तोंडावर येतं. इंजिन बंद, बॅटरीची वायर काढ आणि लांब उभा राहा, एवढंच सांगितलं.

गाडी टो करून आणली. डायरेक्टची वायर बारीक, मधे फ्यूजच नाही, वरचं प्लास्टिक वितळलेलं. ती काढून मूळ जोडणी केली आणि एसी लावला. या गाडीत एसीबरोबर पंखा फिरायलाच हवा, तो हलला नाही. फ्यूज शाबूत. हॉर्नचा रिले त्याच मापाचा होता, तो पंख्याच्या जागी बसवला, पंखा फिरला. पण कुरकुरत. बॅटरी सोडवून हाताने फिरवला तर जड. बेअरिंगमध्ये धूळ बसून मोटर जास्त करंट ओढत होती. त्यानेच आधी रिलेचे पॉइंट जाळले आणि मग ती वायर. डायरेक्ट करणाऱ्याने आजारी मोटर झाकून ठेवली, आणि फ्यूजचा पहारेकरीही हटवला. मोटर आणि रिले मिळून खर्च अठरा हजारांच्या आसपासही गेला नाही.

29 मे 2024 ला दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने 52.9 अंश दाखवले होते, आठवत असेल. देशभर गाजावाजा झाला. हवामान खात्याने प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून पाहिलं, तर सेन्सर 3 अंश जास्त दाखवत होता. तपासायची पद्धत ही.

फौजेत गाडी हलण्याआधी फर्स्ट परेड होते, पाणी, तेल, बेल्ट, टायर. तीच माणसं सिव्हिल गाडीत बसली की बॉनेटची कडीही शोधत बसतात, याचं मला नवल वाटतं. नाईकाला मी आता एकच काम लावलंय. दर रविवारी इंजिन थंड असताना कूलंट बघायचं, मग एसी लावून पंख्याचा आवाज ऐकायचा आणि मला मेसेज टाकायचा. गेल्या रविवारच्या मेसेजमध्ये पंख्याबरोबर मुलीचाही आवाज होता.