हिशेबाची मैफल

गाणे शिकविणाऱ्या माणसाने प्राप्तिकरावर लिहावे, हे काही वाचकांना विपरीत वाटेल. ज्याला आपल्या शिकवण्यांची फी वेळेवर मागता येत नाही, त्याने दुसऱ्यांच्या हिशेबांत नाक खुपसू नये, असे आमच्या घरातूनही सांगण्यात आले. तरीही लिहितो आहे. कारण जे सांगायचे ते खरे पाहता करांविषयी नाही. ते एका धंद्यातल्या माणसांच्या परस्परांशी वागण्याविषयी आहे, आणि त्यातून आम्हा गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांनी काही घ्यावे असे मला वाटते.

आमच्या अकोट्यात, सर सयाजीराव नगरगृहापासून फार दूर नाही अशा एका जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या नि जिन्यावरच्या लहानलहान खोल्यांत पाच-सहा करसल्लागार बसतात. कोणी एकट्याने काम करतो, कोणाच्या हाताखाली एखादा पोऱ्या आहे. यांत सनदी लेखापाल कोणी नाही. कोणी वाणिज्याचा पदवीधर, कोणी वकिलीची परीक्षा दिलेला, एक निवृत्त बँक कारकून. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने असल्या पदवीधरांना करदात्याच्या वतीने खात्यापुढे उभे राहण्याची वाट ठेवली होती. मोठ्या हिशेबांची तपासणी मात्र सनदी लेखापालांनीच करावयाची. तेव्हा या मंडळींकडे येतात ते पेन्शनर, शाळामास्तर, किराणा दुकानदार, रिक्षांचे मालक, शिवणकाम करणाऱ्या बायका आणि माझ्यासारखे तंबोरेवाले. अर्धे गिऱ्हाईक मराठी, अर्धे गुजराती. बोलणे दोन्ही भाषांत एकदमच चालते.

अकोट्याला कर नवा नाही, हे जाता जाता सांगतो. ज्या अंकोट्टक नगराचे हे नाव, त्याच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी आपला वडोदरा हा एक गाव होता, असे इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटावरून दिसते. असल्या दानपत्रांत गाव कोणकोणत्या करांसह दिला, याची यादी असे. म्हणजे विश्वामित्रीच्या या काठावर कोणीतरी बाराशे वर्षांपूर्वीही मांडी घालून हाच हिशेब करीत असले पाहिजे. पुढे सयाजीराव महाराजांच्या राज्यात जुने किरकोळ वेरे काढून त्यांच्या जागी प्राप्तीवरचा कर आला. राजे गेले, कर राहिला, आणि तो समजावून सांगणारा माणूसही राहिला.

या माणसाचे काम फॉर्म भरण्याचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मीही तसेच समजत होतो. एकदा माझी पाळी येईपर्यंत बाकावर बसलो असता एक वयस्कर बाई आल्या. पुतण्याने घरीच संगणकावर त्यांचे विवरणपत्र तयार केले होते. नुसते एकदा पाहून द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सल्लागारांनी कागद पाहिला आणि विचारले, "काकू, ही पेन्शन तुमच्या नोकरीची, की काकांच्या पश्चात सुरू झालेली?" बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्या पश्चातली." पुतण्याने ती रक्कम पगाराच्या रकान्यात घालून पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट घेतली होती. कुटुंबपेन्शनला ती मिळत नाही. ती 'इतर उत्पन्ना'त दाखवावी लागते आणि तिची वजावट निराळी : एकतृतीयांश रक्कम किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी कमी ती, नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून १५,००० च्या जागी २५,०००. म्हणजे सल्लागारांनी बाईंची वजावट वाढविली नाही, उलट कमी केली. आणि का कमी केली हे अशा रीतीने सांगितले, की बाई समाधानाने उठल्या. चुकीचा आकडा तसाच गेला असता, तर उद्या नोटिशीचा कागद या एकट्या बाईच्या हाती पडला असता.

आता माझी स्वतःची गोष्ट. एका संस्थेने माझे गाणे ठरविले होते. मानधनातून दहा टक्के कर कापून घेतला, कापल्याचा कागदही दिला. परंतु वर्षअखेरीस माझ्या नावावरच्या करनोंदींत ती रक्कमच दिसेना. संस्थेला तीन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. संस्थेचे नाव सांगत नाही. दोष एखाद्या कारकुनाच्या डुलकीचा असेल. आमच्या सल्लागारांनी तो कागद पुढे ओढला, दहा अक्षरी पॅन क्रमांकावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, यातले पाचवे अक्षर माणसाच्या आडनावाचे असते. हे तुमचे नव्हे. त्या दिवशी तबल्याला कोण होते?" खरोखरच माझ्या नावापुढे तबलजींचा क्रमांक पडला होता, आणि माझा कर त्यांच्या खात्यात जाऊन बसला होता! पुढे काय केले पाहा. त्या संस्थेचे काम पुलापलीकडे दांडिया बाजारातले दुसरे एक सल्लागार पाहतात. यांनी त्यांना दूरध्वनी केला. ना रागाचा शब्द, ना उपकाराचा. पलीकडून दुरुस्तीचे विवरण गेले आणि जे तीन पत्रांनी झाले नाही ते काम एका संभाषणाने मार्गी लागले. मी आभार मानू लागलो तेव्हा म्हणाले, "त्यात काय! मागल्या महिन्यात त्यांचे एक अडले होते, ते मी पाहिले."

ही देवघेव तिथे रोजची आहे. दुपारी चारच्या सुमारास सगळे खाली चहाच्या लारीवर जमतात. तेथे राजकारण, क्रिकेट, मुलांची लग्ने हे सर्व असतेच, पण त्यातूनच "अमुक रकान्यात हे धरायचे की नाही?" "नवे परिपत्रक वाचले का?" "माझ्याकडच्या एका डॉक्टरचे असे झाले आहे, तू असतास तर काय केले असतेस?" असे प्रश्न फिरतात. ज्याला ठाऊक आहे तो सांगतो. ज्याला नाही तो निमूटपणे 'नाही' म्हणतो, आणि हे दुसरे मला पहिल्यापेक्षा अवघड वाटते. वयाने थोर असलेल्या बँकवाल्यांना सगळे 'मोटाभाई' म्हणतात. पण संगणकाचे काही अडले की मोटाभाई पंचविशीतल्या पोराच्या शेजारी खुर्ची ओढून शिष्यासारखे बसतात.

हे पाहताना मला आमच्या घरची एक गोष्ट आठवते आणि वाईट वाटते. आजोबा कलावंत कारखान्याच्या पटावर होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा वडील कोवळे तरुण होते. आजोबांच्या मागे बसून दरबारात तंबोरा धरीत. पुढेही राजवाड्यातील समारंभांत ते गात राहिले. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. त्यांच्यापाशी आजोबांकडून आलेली एक चीज होती. अस्ताई त्यांनी मला दिली. अंतरा मात्र "योग्य वेळी देईन" म्हणत राहिले. शेजारच्या खोलीत कोणी असेल तर गाताना अंतऱ्याचे शब्द मुद्दाम पुसट करीत. तो काळच तसा होता. चीज म्हणजे घराची ठेव, ती उघड्यावर टाकायची नाही. योग्य वेळ आली नाही. वडील गेले आणि अंतराही गेला. आज मी ती अस्ताई एकटीच गातो, आणि शिष्य पुढचे विचारतात तेव्हा माझ्यापाशी उत्तर नसते.

याच शहरात १९१६ साली महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि तिच्यामागे पं. भातखंडे होते. ज्यांनी उस्तादांच्या दारोदार हिंडून चिजा जमविल्या, लिहून काढल्या आणि छापून सर्वांच्या हाती दिल्या, ते हे गृहस्थ. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, अजूनही होते. परंतु छापलेली चीज मेली नाही आणि आमच्या घरातली मेली, हे मला विसरता येत नाही. विद्या वाटल्याने आपली किंमत कमी होईल, ही भीती कलावंतांना जितकी आहे तितकी त्या जिन्याखालच्या खोल्यांत मला दिसली नाही. खरे म्हणजे भीतीला तिथे जागा अधिक. सगळ्यांची गिऱ्हाइके याच चार गल्ल्यांतली. एकाचे माणूस दुसऱ्याकडे जायला एक जिना पुरे.

त्याची परीक्षा २०२५ च्या सप्टेंबरात झाली. त्या वर्षी विवरणपत्रांची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढविली होती. मुदत वाढली की लोक निर्धास्त होतात आणि अखेरच्या आठवड्यात सगळे एकदम येतात. नेमक्या त्याच आठवड्यात त्यांच्यातल्या एकाला हृदयविकाराने इस्पितळात नेले. टेबलावर चाळीसेक गठ्ठे तसेच. मुदत चुकली तर प्रत्येकाला पाच हजारांपर्यंत भुर्दंड; उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर हजार. त्यांच्या पत्नीने इस्पितळाच्या व्हरांड्यातून एकेका गिऱ्हाइकाला दूरध्वनी करून 'तुमचे कागद दुसऱ्याने पाहिले तर चालेल ना?' असे विचारले. ज्यांनी होकार दिला त्यांचे गठ्ठे बाकीच्यांनी आपसांत वाटून घेतले. दिवसा स्वतःचे काम, रात्री मित्राचे.

१५ तारखेच्या रात्री मी सहज तिकडून जात होतो. सगळ्या खोल्यांत दिवे. लारीवाल्याने सेव-उसळीच्या प्लेटा वर पाठविल्या होत्या, त्या निवत पडलेल्या. एक जण मेलबर्नला असलेल्या कोणाच्या मुलाला झोपेतून उठवीत होता. बापाच्या आधारला मुलाचा क्रमांक जोडलेला, त्यामुळे परवलीचे आकडे तिकडे जात होते. दुसरा कोणास बजावीत होता, "नुसते भरून भागत नाही हो, तीस दिवसांत पडताळणी केली नाही तर भरलेले न भरल्यासारखे!" रात्री उशिरा मुदत आणखी एक दिवस वाढल्याचे जाहीर झाले. कोणी जल्लोष केला नाही. मोटाभाईंनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पुढचा गठ्ठा उघडला.

त्या कामाची फी पाकिटात घालून आजाऱ्याच्या घरी पोहोचती झाली. आणि मला जी गोष्ट सर्वांत मोठी वाटते ती ही, की ते गृहस्थ दोन महिन्यांनी परत खुर्चीवर येऊन बसले तेव्हा ज्यांचे गठ्ठे दुसऱ्यांकडे गेले होते त्यांतले एकही गिऱ्हाईक तुटलेले नव्हते. आमच्या क्षेत्रात एखाद्या गवयाचा घसा बसला, तर त्याची मैफल दुसरा गाईल. पण पुढल्या वर्षीचे आमंत्रण पहिल्याला परत मिळवून देईल काय? वाचकांनी आपल्याच मनाशी विचारावे.

या स्नेहावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. धंद्यातली गूळपीठ पुष्कळदा पापही पोटात घालते. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने गुजरातसह निरनिराळ्या राज्यांत मिळून सुमारे १५० ठिकाणी तपास केला. खोट्या देणग्या, न घेतलेली कर्जे, न दिलेली भाडी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांवर तो रोख होता. म्हणजे ज्ञान वाटले जाते तशी लबाडीही वाटली जाते. हे मी आमच्या मंडळींना स्पष्टच विचारले. मोटाभाई म्हणाले, "मास्तर, लबाडी शिकवायला लारीवर कोण येतो? ती दार लावून चालते." आणि मी स्वतः पाहिले आहे : एका तरुण दुकानदाराने खोटी देणगी घालण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्याला नकार मिळाला. तो रागाने शेजारच्या खोलीत गेला. तेथेही नकार. तिसऱ्या दारात त्याला काही विचारावेही लागले नाही. तिघांच्या मधल्या भिंती पातळ आहेत! ज्या स्नेहाने नकाराला बळ येते, तो स्नेह मला समाजाच्या उपयोगाचा वाटतो. नकार देणारा एकटा असता, तर गिऱ्हाईक गमावून शिवाय मूर्खही ठरला असता.

दुसरे म्हणणे असे, की आता सर्व आकडे आपोआप भरलेले येतात, व्याजापासून लाभांशापर्यंत सगळे खात्याला ठाऊक असते, मग हा मध्यला माणूस कशाला? त्यातच २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. भाषा सोपी झाली, कलमे घटली. सोपे होत असेल तर आनंदच आहे. परंतु पेन्शन कोणाची, हा प्रश्न यंत्राने त्या बाईंना विचारला नव्हता. तबल्याला कोण होते, हेही विचारले नव्हते. संवादिनीने सूर दिला म्हणून गाणे शिकविणारा घरी बसत नाही. चूक कोठे होते आहे हे समोर बसून कोणीतरी ऐकावे लागते.

म्हणून या मंडळींविषयी आपण थोडे निराळे वागावे, असे माझे मत आहे. कागद जूनमध्ये नेऊन द्यावेत. शेवटच्या रात्री पिशवी उपडी करू नये. त्यांच्याकडून खोटे मागू नये. फी देताना भाजीसारखी घासाघीस करू नये. आणि सल्लागारांनीही आपल्या लारीवरच्या बैठकीत नव्या मुलांना बसू द्यावे. ते ज्ञान कोठल्या परीक्षेत मिळत नाही.

माझ्यापुरते म्हणाल, तर गेल्या दिवाळीपासून मी एक केले आहे. माझ्यापाशी आहेत त्या सर्व चिजा अंतऱ्यासकट लिहून काढावयास घेतल्या आहेत, आणि मागेल त्या विद्यार्थ्याला वही उतरवून घेऊ देतो. मग तो माझा असो वा दुसऱ्या कोणा मास्तरांचा. त्या एका अस्ताईखाली मात्र अर्धे पान कोरे सोडले आहे. आजोबांच्या शिष्यपरंपरेतल्या कोणा घरी तो अंतरा अजून असेल, तर त्यांनी कृपा करून सांगावा.