परदेशाशी व्हिडिओ कॉल झाला, पण शेजारच्या कोपीतल्या पोराचं काय?

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. रक्कम १० लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिली. चर्चा पैशाची आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडचीच जास्त झाली. पण भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा वैर असलेल्या देशांतल्या मुलांना इंटरनेटवरून बोलतं करणं, हेही त्यांचं मोठं काम होतं.

आता असे कॉल नवे राहिले नाहीत. अडचण अशी की बहुतेक वेळा तो एक दिवसाचा कार्यक्रम होतो. फलक लागतो, पोरं नाव सांगतात, हात हलवतात, फोटो ग्रुपवर पडतो. त्यातून नवल वाटतं, ओळख होत नाही.

ओळख व्हायला प्रश्न लागतात. ‘मिस्ट्री स्काईप’ नावाच्या खेळात दोन वर्ग आपलं गाव लपवतात. हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं, त्यावरून नकाशात समोरच्यांचं ठिकाण शोधायचं. स्काईप मे २०२५ मध्ये बंद झालं, पण हा खेळ कोणत्याही व्हिडिओ कॉलवर चालतो.

परदेशी शाळेशी वेळ जुळवणं मात्र अवघड. आपल्याकडे सकाळचे ११ वाजतात तेव्हा जपानमध्ये दुपारचे अडीच, म्हणजे जमण्यासारखं. न्यूयॉर्कला मात्र मध्यरात्र उलटलेली असते. शिवाय भाषेचा प्रश्न आहेच.

मग सुरुवात जवळून का करू नये? दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीचे कोयते आपल्या भागात येतात. सोबत लेकरं असतात. काही आपल्या शाळेत बसतात, पण त्यांची ओळख ‘कोयत्याची पोरं’ एवढीच. जून-जुलैपासून तिकडच्या एखाद्या शाळेशी महिन्याला दोन कॉल झाले, कोण काय खातं, कोणत्या शब्दाला काय म्हणतं हे पोरांनी विचारलं, तर हंगामात येणारं लेकरू नाव माहीत असलेला मित्र म्हणून येईल.

यासाठी टॅब कमी पडत नाही, शिक्षकाचा वेळ कमी पडतो. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग आणि वरून ऑनलाईन माहिती भरायची. शिक्षकाची बदली झाली की उपक्रमही गुंडाळला जातो. म्हणून केंद्रप्रमुखांनी हे तास वेळापत्रकातच घ्यावेत, आणि शाळा व्यवस्थापन समितीने, म्हणजे आपण पालकांनी, दर बैठकीत विचारावं: या महिन्यात पोरं कोणाशी बोलली?