विजेच्या रांगेत पुढे कोण?

लातूरच्या शेतकऱ्याचा पाच अश्वशक्तीचा पंप साधारण ४ किलोवॅट वीज घेतो. नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे भागातल्या मोठ्या डेटा सेंटरची मागणी १०० मेगावॅटच्या घरात जाऊ शकते. म्हणजे एका अर्जात २५ हजार पंपांचा भार!

वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार अर्जदाराला वीज देणे वितरण कंपनीवर बंधनकारक आहे. पण वाहिनी किंवा उपकेंद्र नसेल, तर ते उभे राहीपर्यंत थांबावे लागते. खरा प्रश्न इथेच आहे. आधी कोणासाठी उभारायचे? आणि एखाद्या कंपनीने गरजेपेक्षा जास्त क्षमता अडवून ठेवली, तर इतरांनी किती थांबायचे?

आयर्लंडमध्ये डेटा सेंटरचा वीजवापर २०१५ मध्ये ५ टक्के होता, २०२३ मध्ये २१ टक्के झाला. तिथल्या नियामकाला २०२१ मध्येच नव्या जोडण्यांसाठी निकष लावावे लागले.

व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना बाबासाहेबांनी १९४३ मध्ये स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. उद्योग वाढल्याशिवाय गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणून आमचा डेटा सेंटरला विरोध नाही. पण अर्जांची यादी जाहीर करा, भक्कम अनामत घ्या, न वापरलेली क्षमता परत घ्या आणि नव्या उपकेंद्राचा खर्च गरिबाच्या बिलात टाकू नका.

राज्य वीज नियामक आयोग दरांच्या याचिकांवर हरकती मागवतो. मोर्चाइतकीच ती जागाही आपली आहे. तरुणांनो, लेखी हरकत नोंदवा.

जय भीम!